१८ पेन्सांचा रुपया कोणाच्या पदरांत पडला?

हुंडणावळ हा शब्द कानांवर आला कीं आमचा शेतकरी घोंगडी झटकून उठतो आणि म्हणतो, “तें पेढीवाल्यांचें काम, आपणांस त्याचें काय?” सुतार, कोष्टी, चांभार हेही तसेंच म्हणतात. बांधवहो, ही समजूत आजवर दुसऱ्यांच्याच पथ्यावर पडली आहे. एका देशाच्या नाण्यास दुसऱ्या देशाचें नाणें किती मिळावें, हा जो भाव तीच हुंडणावळ. हा भाव साऱ्याच्या पावतींत आणि सावकाराच्या रोख्यांत कसा शिरतो, तें आज उलगडून सांगण्याचें योजिलें आहे.

१८७० च्या सुमारास एका रुपयास विलायतचे जवळजवळ दोन शिलिंग मिळत. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. पुढें जर्मनी वगैरे देशांनीं चांदी टाकून सोनें धरलें. चांदी उतरली आणि तिच्याबरोबर रुपयाही उतरला. हिंदुस्थान सरकारला दरसाल पेन्शनी, व्याज वगैरेंचा खर्च विलायतेस पौंडांत धाडावा लागे. रुपया उतरला कीं तितक्याच पौंडांस जास्त रुपये पडत, आणि ते रयतेकडूनच यावयाचे. म्हणून १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या, आणि १८९९ सालीं पौंडास १५ रुपये, म्हणजे रुपयास १६ पेन्स, असा भाव कायम केला.

पहिल्या महायुद्धांत चांदी महागली व ही घडी विसकटली. १९२० सालीं रुपया दोन शिलिंगांवर टेकविण्याचा सरकारनें प्रयत्न केला, तो फसला. पुढें १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें १८ पेन्स सुचविले. त्याच कमिशनांतील सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनीं भिन्न मतपत्रिका जोडून १६ पेन्स मागितले. १९२७ सालीं कायदा झाला तो १८ पेन्सांचा.

आतां हिशेब करा. परदेशच्या बाजारांत एक पौंडाचा कापूस विकला. १६ पेन्सांच्या भावानें त्याचे १५ रुपये होतात; १८ पेन्सांच्या भावानें १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडामागें १ रुपया १० आणे ८ पै गेले; नवांतला एक रुपया नाहींसा झाला. कापूस तोच, घाम तोच. सारा मात्र तीस वर्षांच्या बंदोबस्तानें रुपयांत बांधलेला, आणि सावकाराचा रोखाही रुपयांतच. येणें घटलें, देणें तसेंच राहिलें. बाहेरचें कापड स्वस्त होऊन आलें, तेव्हां आमच्या कोष्ट्याच्या मागावरही त्याचा घाव बसला.

त्यावर १९२९ ची जागतिक मंदी आली. सप्टेंबर १९३१ मध्यें खुद्द इंग्लंडनें सोन्याचा आधार सोडला, पण रुपयास पौंडाच्या दावणीला १८ पेन्सांनींच बांधून ठेवलें. शेतमालाचे भाव कोसळले असतां सारा व व्याज भागवावयास कितीएक कुणब्यांनीं घरच्या लक्ष्मीच्या अंगावरचें सोनें मोडलें. तें सोनें जहाजांत बसून परदेशीं गेलें, आणि त्याच्या जोरावर सरकारचा विलायतचा खर्च सुखानें भागला.

पण एवढ्यावरून १६ पेन्स म्हणजे गरिबांचें कल्याण, असेंही समजूं नका. १६ पेन्सांसाठीं मुंबईचे गिरणीमालक व व्यापारी झगडत होते, आणि पुढें करीत होते शेतकऱ्याचें नांव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला व पुढें कमिशनपुढें साक्षही दिली. रुपया उतरला कीं बाजारभाव चढतात, मजुरी मागें राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पोटांतून निघतो, हा मुद्दा त्यांनीं निर्भीडपणें मांडला. ज्याच्या घरांत विकावयास माल आहे, त्यास उतरता रुपया गोड. जो रोजंदारी करून धान्य विकत घेतो, त्यास तो कडू. आमच्याकडे हे दोघे पुष्कळदां एकाच घरांत नांदतात! दोन एकरांचा धनी कापूस विकतो आणि ज्वारी विकत घेतो. मग त्याचें हित कोणत्या भावांत? हा प्रश्न त्यास कोणींच विचारला नाहीं. १९२७ च्या कायदेमंडळास निवडून देण्याचा हक्क मालमत्ता व कर यांवर ठरलेला होता. बहुतेक शेतकरी व मजूर त्या दाराबाहेरच उभे होते.

तो काळ गेला. १९४९ सालीं पौंडाबरोबर रुपयाही उतरविला. ६ जून १९६६ रोजीं डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे केला. १९७५ सालीं पौंडाशीं असलेली गांठ सुटली, आणि १९९३ पासून भाव बाजारांत ठरतो. रिझर्व्ह बँक त्यांत वेळोवेळीं हात घालते. ज्या पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै पडत, त्यास आज शंभराहून अधिक रुपये पडतात. हिशेब मात्र बदललेला नाहीं. रुपया उतरला कीं डिझेल, खत, खाद्यतेल महागतें, आणि तें ओझें आमच्या दारीं लवकर पोहोंचतें. बाहेर जाणाऱ्या मालाचा चढलेला भाव मात्र वाटेंत अडत्याच्या ओट्यावर विसांवा घेतो.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. घरांत वही ठेवा. माल कोणत्या भावानें गेला, खत कोणत्या भावानें आलें, मजुरी किती पडली, हें मुलाकडून लिहून घ्या. मुलीसही तो हिशेब शिकवा. रुपया चढला म्हणून आनंद नको आणि उतरला म्हणून शोक नको. त्यांतलें आपल्या पदरांत काय पडलें व कोणाच्या पदरांत काय गेलें, तें वहींत पाहा. १९२७ सालीं आमच्या वाडवडिलांपाशीं मत नव्हतें. तुमच्यापाशीं आहे. तें मागावयास जो दारीं येईल, त्याच्यापुढें आधीं ही वही उघडून ठेवा.