विमानाच्या इंधनाचा जमाखर्च

रॉकेल हा शब्द आता नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडतो. कंदील, स्टोव्ह, रेशनच्या दुकानापुढील डब्यांची रांग यांच्याबरोबर तोही मागे पडला. परंतु घरातून हद्दपार झालेले हे रॉकेल आज आपल्या डोक्यावरून, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून, रोज हजारो वेळा जात असते. जेट विमानाचे इंधन हे जातीने रॉकेलच. अधिक शुद्ध केलेले आणि अधिक कडक कसोट्यांना उतरलेले, इतकाच फरक. ज्याला स्वयंपाकघरातही फारसा मान नव्हता त्याने आकाशाचे राज्य मिळविले आणि मोटारीत मिरवणारे पेट्रोल मात्र लहान विमानांपुरते उरले. ही हकीकत मनोरंजक आहे. पण केवळ मनोरंजनासाठी ती येथे सांगत नाही. विमानाचे इंधन पुन्हा एकदा बदलण्याच्या मार्गावर आहे आणि या खेपेस त्याचा एक धागा थेट आपल्या उसाच्या फडापर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून मागील जमाखर्च एकवार तपासणे अगत्याचे झाले आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या विमानाने पहिली झेप घेतली ती १२ सेकंदांची आणि १२० फुटांची होती. त्यांचे इंजिन अवघ्या १२ अश्वशक्तीचे; त्याला साधे पेट्रोल पुरले. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. त्या काळी इंधन मिळणे हीच चिंता होती. त्याच्या गुणदोषांची चिकित्सा विमाने मोठी होऊ लागल्यावर आली.

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी इंजिनाची शक्ती वाढते. पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो आणि इंजिनात घणाचे घाव बसावेत तसे ठोके पडू लागतात. हा ठोका सोसण्याची पेट्रोलची ताकद ज्या मापाने मोजतात त्याला ऑक्टेन म्हणतात. ती ताकद वाढविण्याचा स्वस्त उपाय १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांना सापडला. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, पेट्रोलमध्ये चिमूटभर मिसळले की ठोका थांबे. त्याचे फळही मोठे मिळाले. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जे निर्णायक युद्ध झाले, त्यात स्पिटफायर व हरिकेन विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळत होते आणि इंजिनांतून अधिक शक्ती काढण्यास त्याचा उपयोग झाला, हे इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूकडे पाहण्याची मात्र कोणाची तयारी नव्हती. शिसे हे विष आहे हे शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला या प्रश्नावर परिषद भरली. तेथे येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन व हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट इशारा दिला. तो ऐकून घेतला गेला आणि बाजूला ठेवला गेला. पुढे जे झाले ते सर्वांना विदित आहे. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे काढून टाकण्यास भारतात १ फेब्रुवारी २००० हा दिवस उजाडावा लागला. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तो २०२१ मध्ये थांबला. आणि विमाने? पिस्टन इंजिनावर चालणाऱ्या लहान विमानांचे प्रचलित पेट्रोल, ज्याला ‘१०० एलएल’ म्हणतात, त्यात आजही लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. या शिशापासून सार्वजनिक आरोग्यास धोका आहे, असा औपचारिक निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. इशारा १९२५ चा, निष्कर्ष २०२३ चा. मधल्या ९८ वर्षांचा खर्च कोणी भरला, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

मोठ्या विमानांची या शिशापासून सुटका झाली ती कोणाच्या सद्बुद्धीमुळे नव्हे, तर इंजिनच बदलल्यामुळे. जर्मनीचे जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी आणि फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनावरील ब्रिटिश विमान १५ मे १९४१ रोजी उडाले. जेट इंजिनात ज्योत अखंड जळत असते. तेथे ठोक्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि ऑक्टेनची मिजासही चालत नाही. व्हिटल यांनी रॉकेल निवडले आणि पुढे जगाने तेच स्वीकारले. दोन्ही इंधनांची तुलना केली तर ही निवड का टिकली ते कळते. वजनास वजन घेतले तर दोहोंतील ऊर्जा जवळजवळ सारखीच, किलोला ४३ ते ४४ मेगाज्यूल. परंतु रॉकेल अधिक घन असल्याने एका लिटरमध्ये त्याची ऊर्जा सुमारे ३५ मेगाज्यूल भरते, तर पेट्रोलची सुमारे ३१. म्हणजे तेवढ्याच टाकीत विमान अधिक दूर जाते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. जेट इंधनास किमान ३८ अंशांची ऊब लागते. शिवाय आज वापरात असलेले ‘जेट ए-१’ हे इंधन शून्याखाली ४७ अंशांपर्यंत गोठत नाही.

तरीही सोयीसाठी पेट्रोल व रॉकेल यांचे मिश्रण दीर्घकाळ वापरले गेले, विशेषतः लष्करात. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत एल्कटनजवळ एका प्रवासी विमानावर वीज कोसळली. त्याच्या टाक्यांत साधे जेट इंधन आणि असे पेट्रोलमिश्रित इंधन एकत्र होते. टाकीतील वाफेचा स्फोट होऊन ८१ माणसे मृत्युमुखी पडली. मिश्रणाच्या धोक्याची चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली. पण अमेरिकी हवाई दलाने रॉकेलच्या वर्गातील इंधनाचा पूर्ण अंगीकार केला तो १९९० च्या दशकात. येथेही हिशेब उशिराच लागला.

रॉकेलचा स्वतःचा खर्चही आता पुढे आला आहे. एक किलो जेट इंधन जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगातील या वायूच्या उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. वाटा लहान दिसतो. पण मोटारीला जसा विजेचा पर्याय मिळाला तसा विमानाला मिळणे अवघड आहे. उत्तम बॅटरीत किलोला सुमारे एक मेगाज्यूल ऊर्जा मावते. ४३ शी तिची तुलना कशी व्हावी? हायड्रोजनमध्ये किलोला १२० मेगाज्यूल आहेत हे खरे, परंतु तो द्रव ठेवायचा तर शून्याखाली २५३ अंशांची थंडी लागते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे चौपट जागा. सोव्हिएत युनियनने १५ एप्रिल १९८८ रोजी टुपोलेव्ह १५५ हे विमान हायड्रोजनवर उडवून दाखविले होते. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी हायड्रोजनवरचे प्रवासी विमान दूरच आहे. एअरबसने त्यासाठी धरलेली २०३५ ची मुदतही २०२५ मध्ये मागे पडली.

उरतो एकच जवळचा मार्ग. रॉकेलच वापरायचे, पण ते भूगर्भातील तेलातून न काढता अन्य कशापासून तरी बनवायचे. यातही तत्त्वतः नवे काही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने कोळशापासून इंधन बनवूनच आपली विमाने उडविली होती. आता कोळशाऐवजी तळणीचे वापरलेले तेल, चरबी, शेतातील टाकाऊ भाग किंवा इथेनॉल घेतात. याला शाश्वत विमान इंधन असे भारदस्त नाव आहे. ते जळतानाही जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड देते. बचत होते ती अशी की त्यातील कार्बन वनस्पतींनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. म्हणजे या इंधनाची सारी प्रतिष्ठा ते कशापासून व कसे बनले यावर अवलंबून आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडून ते दिल्ली हे विमान मोगली एरंडाच्या तेलापासून बनविलेले इंधन काही प्रमाणात मिसळून उडाले. १९ मे २०२३ रोजी पुणे ते दिल्ली या विमानाने पुण्याच्याच प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून बनविलेले इंधन मिसळून वापरले. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी अशा मिश्रणाचे लक्ष्य २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के व २०३० मध्ये ५ टक्के असे ठेवले आहे.

हे तेल येणार कोठून, हा खरा प्रश्न आहे. तळणीचे तेल गोळा करून करून किती होणार? साहजिकच सर्वांची दृष्टी इथेनॉलकडे, आणि महाराष्ट्रात इथेनॉल म्हणजे ऊस. एक लिटर विमान इंधन बनविण्यास दीड लिटरहून अधिक इथेनॉल लागते, कारण इथेनॉलमध्ये मुळातच ऊर्जा कमी. ऊस राज्याच्या लागवडीच्या फार थोड्या क्षेत्रावर उभा असतो, पण सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा फार मोठा आहे. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथेही साखर कारखान्यांची धुराडी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस व साखर दोन्ही कमी पडण्याची चिन्हे दिसताच केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध घालावे लागले होते. मोटारींच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळतानाच ही ओढाताण झाली. त्यात विमानांची भर पडली तर काय होईल, याचा विचार आधी व्हावयास नको काय?

यावर असे म्हटले जाईल की इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती वेळेवर पैसा येतो आणि ऊस उत्पादकाची बाकी चुकती होते. हे खरे आहे आणि ते हलके लेखण्याचे कारण नाही. ज्या पिकाला खात्रीचा भाव व खात्रीचे गिऱ्हाईक आहे ते पीक शेतकरी घेणारच. दोष त्याचा नाही. दोष असलाच तर पाण्याला किंमत न लावता हिशेब मांडणाऱ्यांचा आहे. म्हणून मागणी एवढीच की विमान इंधनाचा प्रत्येक प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी त्याच्या एका लिटरमागे किती पाणी व किती जमीन लागेल हे जाहीर व्हावे. पहिला मान वापरलेल्या तेलाला, मळीला आणि आज शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचट-पेंढ्याला मिळावा. ताज्या रसाची पाळी सर्वांत शेवटी यावी. आणि टंचाईच्या वर्षी पाणी प्रथम कोणाचे, हे टंचाई येण्याआधीच ठरलेले असावे.

१९२५ च्या त्या परिषदेत कारखानदार होते, शास्त्रज्ञ होते, सरकारी अधिकारी होते. शिशाची हवा ज्यांच्या छातीत जाणार होती ती मुले तेथे नव्हती. आपल्या विमान इंधनाचे धोरण ठरेल त्या बैठकीत विमान कंपन्या असतील, कारखानेही असतील. आयुष्यात एकदाही विमानात न बसलेला, पण पाण्याच्या टँकरमागे धावणारा माणूस तेथे असणार नाही. त्याच्या नावावर पडणारा खर्च वहीत आधीच लिहिला जावा, हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. आणि तो लिहिला गेला की नाही हे विचारणे आपले.