पात्रता शिक्षकाची, की शासनाची?

१८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी दोन गोष्टी एका दमात मागितल्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि प्रमाणपत्रधारक शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये वेतन मिळावे. जोतीरावांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी यांतील प्रमाणपत्र तेवढे उचलले आणि वेतनाची गोष्ट सोयीस्करपणे विस्मृतीत ढकलली.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. शिक्षक संघटनांनी त्यावर गहजब केला. जो वर्षानुवर्षे मुलांची परीक्षा घेतो, त्याने स्वतः परीक्षेस बसण्यात अपमान मानावा, हे गुरुपदाला शोभणारे नव्हे. मात्र या निकालाआड शासनाला लपू देणे, हा त्याहून मोठा प्रमाद ठरेल.

मुळात ही परीक्षा तपासते काय? दीडशे गुणांचे दीडशे बहुपर्यायी प्रश्न. साठ टक्के मिळाले की उमेदवार पात्र! चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरचे बुजरे पोर बोलते करण्याचे कसब कोणत्या पर्यायावर काळे केल्याने सिद्ध होते? ते कसब अध्यापक विद्यालयात घडावयाचे. पण त्या विद्यालयांची कथा काय सांगावी! महाराष्ट्रातील २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ च्या त्याच्या तपासणीत यांतील बहुसंख्य संस्था अपात्र आढळल्या. शिक्षणसम्राटांची दुकाने शिक्षक 'घडवीत' होती आणि मान्यतेची मोहोर सरकारी यंत्रणेचीच होती.

परीक्षेचे पावित्र्य तरी राखले गेले काय? २०१९ च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराच्या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली आणि पुढील वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. रात्रंदिवस अभ्यास करून बसलेल्या प्रामाणिक तरुणाने, ज्यांच्या हाती त्याची पात्रता ठरविण्याचा अधिकार होता, त्यांची पात्रता कोणाला विचारावी?

एवढे दिव्य पार करून नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे तो 'शिक्षणसेवक'. २००० साली ही योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा तीन हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. सेवा हा उदात्त शब्द. परंतु कुटुंबवत्सल माणसाची अर्धपोटी राबणूक झाकण्यासाठी तो वापरावा, हा त्या शब्दाचाही अपमान आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास जुंपू नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते. त्याच्या टेबलावरील माहितीचे तक्ते आणि हातातील मोबाईलवरचे तातडीचे निरोप वेगळेच काही सांगतात.

यात मध्यमवर्गही निर्दोष नाही. व्यासपीठावर मातृभाषेचा जयघोष आणि दारात इंग्रजी शाळेची बस! जिथे आपले मूल नाही, तेथील शिक्षकाची चिंता वाहणार कोण? शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावेत, अशी कायद्याची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. वस्तीत नित्य संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी तेथील पालकांना सोबत घेऊन समितीच्या पुढच्याच बैठकीत दोन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षभरात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर राबविले गेले आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे वर्ग प्रत्यक्ष किती झाले? उत्तर तोंडी नको. इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.