विश्लेषण : टीव्हीची केबल शस्त्रक्रियागृहात पुरेशी का नाही?

दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रुग्णाच्या पोटात थेट पाहत नाही. त्याची नजर समोरच्या मॉनिटरवर असते. घरी टीव्ही काळा पडला तर आपण मागची केबल हलवून पाहतो. शस्त्रक्रियागृहात तेवढी सवड नसते. चित्र वाहून नेणारा कनेक्टर कोणता असावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

एचडीएमआय सर्वत्र का दिसते?

सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची आदी सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आणले. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जाऊ लागले आणि टीव्हीमागचा तारांचा गुंता सुटला. २०१७ मधील २.१ या आवृत्तीची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे.

मात्र हा कनेक्टर घडला तो दिवाणखान्यासाठी. नेहमीच्या एचडीएमआय प्लगला अडकवण्याची खूण किंवा स्क्रू नसतो. तो केवळ घट्ट बसल्यामुळे टिकतो. तांब्याच्या साध्या केबलची लांबी वाढली, की ‘फोर के’ चित्राची खात्री उरत नाही.

बिघाडाची आधी चाहूल लागते का?

फारशी नाही. जुन्या ॲनालॉग टीव्हीत सिग्नल कमजोर झाला की आधी ‘मुंग्या’ दिसत. डिजिटल सिग्नल मात्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ चित्र देतो. ती ओलांडली की थोडे ठिपके चमकतात आणि चित्र नाहीसेच होते. त्यामुळे दुकानात पाच मिनिटे चाललेली केबल कामाच्या जागी चालेलच असे नाही.

वृत्तवाहिन्या काय वापरतात?

प्रसारण क्षेत्रात एसडीआय हे मानक १९८९ पासून रुळले आहे. त्याचा बीएनसी कनेक्टर फिरवून अडकवतात. केबलला कुणाचा पाय लागला तरी तो सहसा निघत नाही. चांगल्या कोॲक्सियल केबलवरून एचडी चित्र साधारण १०० मीटर जाते. २०१५ मधील ‘१२जी’ आवृत्तीने ‘फोर के’ चित्रही एकाच केबलवर आणले, पण तेथे अंतर कमी होते.

सभागृहे आणि मोठ्या वर्गखोल्यांसाठी एचडीबेसटी हा पर्याय आहे. लॅनच्या केबलवरून तो १०० मीटरपर्यंत चित्र, आवाज आणि काही उपकरणांना वीजही पोहोचवतो.

यूएसबी-सी आल्यावर प्रश्न सुटला का?

अर्धाच. कार्यालयात लॅपटॉप आणि मॉनिटर जोडायला डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी सोयीचे आहे. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक मोठ्या प्लगना खटकाही असतो. पण २०१४ मध्ये आलेला यूएसबी-सी हा मुळात प्लगचा आकार आहे. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जात नाही. अनेक स्वस्त फोनमध्ये तो केवळ चार्जिंग आणि डेटासाठी असतो. मॉनिटर किंवा अडॅप्टर घेण्यापूर्वी हे तपासायला हवे.

कारखाना आणि वाहनांत काय वेगळे?

तेथे शत्रू असतात कंपन, तेल, धूळ आणि पाणी. उत्पादन तपासणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी इथरनेटवर चालणारे गिगई व्हिजन हे मानक वापरतात आणि आट्यांनी घट्ट होणारे एम१२ कनेक्टर लावतात. ‘आयपी६७’ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारे आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे. मात्र ही हमी जोड पूर्ण बसलेला असेल किंवा त्यावर टोपण असेल तरच लागू होते. मोटारीच्या कॅमेऱ्यांत फाक्रा हा कोॲक्सियल कनेक्टर असतो. त्याचे रंग आणि खाचा ठरलेल्या असल्याने चुकीची तार चुकीच्या जागी बसत नाही. कोकण किनाऱ्यावर खारी हवा धातूचे संपर्क गंजवते, तेव्हा तेथे मुलामा आणि आवरण दोन्ही पाहावे लागतात.

रुग्णालयाचे गणित कोणते?

वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०६०१ ही मानकमालिका आहे. रुग्णापर्यंत पोहोचू शकणाऱ्या गळतीच्या विद्युतप्रवाहावर ती कडक मर्यादा घालते. एक साधी केबलही दोन उपकरणांना विजेच्या दृष्टीने जोडते, हे येथे विसरून चालत नाही. शिवाय रक्तस्राव थांबवणारे विद्युत उपकरण चालू झाले की तांब्याच्या तारेत व्यत्यय येऊ शकतो. शुद्ध ऑप्टिकल फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून ते दोन्ही बाबतीत उपयोगी ठरते. कनेक्टर जंतुनाशकाने वारंवार पुसला जाणार आहे, याचाही विचार हवा.

मग निवड कशी करावी?

चित्राच्या दर्जाआधी पाच गोष्टी विचाराव्यात : अंतर किती, हादरे बसतात का, पाणी-धूळ आहे का, जवळ मोठी विद्युत यंत्रे आहेत का आणि दिवसातून किती वेळा प्लग काढला-घातला जाणार? दोन मानके जोडणारा प्रत्येक अडॅप्टर म्हणजे बिघाडाची आणखी एक जागा, हेही हिशेबात धरावे.

खरेदीच्या कागदांत मॉनिटरचा आकार आणि ‘फोर के’ ठळक असते. जोडणीची बोळवण अनेकदा ‘आवश्यक केबलसह’ या दोन शब्दांत होते. सार्वजनिक पैशातून रुग्णालये आणि शाळा सजवताना तरी निविदेत कनेक्टरचा प्रकार, केबलची लांबी आणि प्रत्यक्ष जागेवरील चाचणी या तिन्ही अटी लिहिल्या जायला हव्यात. मॉनिटरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. तो टाळल्याची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागू शकते.