शेवटचे औषध आणि स्वस्त मांस

वस्तूची बाजारातील किंमत हाच तिचा खरा खर्च, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या वर्गात कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. नफा मालकाचा, धूर शेजाऱ्यांचा! अलीकडे मी त्याऐवजी कोलिस्टिन या औषधाचे उदाहरण देतो.

हे प्रतिजैविक विसाव्या शतकाच्या मध्यास वापरात आले. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी ते पुढे जवळजवळ बाजूला ठेवले. परंतु इतर औषधांना दाद न देणारे जंतू वाढू लागले, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी अखेरचा उपाय म्हणून त्याचीच आठवण झाली. दरम्यान पशुपालनात मात्र ते मुबलक वापरले जात होते. आजार नसतानाही, केवळ वजन लवकर वाढावे म्हणून, ते खाद्यात मिसळले जाई.

त्याचा परिणाम चीनमध्ये उघडकीस आला. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक ई. कोलाय जंतूंत आढळल्याचे तेथील संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे त्यातील खरे भय. २०११ ते २०१४ या काळातील ८०४ जनावरांपैकी १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ आणि इस्पितळांतील रुग्णांच्या १,३२२ नमुन्यांपैकी १६ नमुन्यांत असे जंतू सापडले.

‘मांस नीट शिजविले की झाले’, असे कोणी म्हणेल. शिजविल्याने जंतू मरतात हे खरे. पण कच्चे मांस कापणारी सुरी, पाट आणि हात यांचे काय? शाकाहारी मनुष्यही निर्धास्त राहू शकत नाही. जनावरांच्या शेणखतातून व सांडपाण्यातून जंतू शेतात आणि पाण्यात पोहोचतात. इस्पितळात तर ते रुग्णाचा आहार विचारीत नाहीत.

यात पशुपालकाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. एकट्याने औषध सोडले तर तोटा त्याचा, आणि लाभ सर्वांचा. अशा ठिकाणी बाजार स्वतःहून शहाणा होत नाही. तेथे शासनालाच नियम घालावा लागतो. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन मिसळणे बंद केले. त्यानंतर पाहणीतील डुकरांमध्ये कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर उतरले. स्वीडनने तर वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास १९८६ मध्येच मनाई केली होती. युरोपीय संघाने २००६ पासून तेच केले. तेथील पशुपालन त्यामुळे बुडाले नाही.

भारतानेही जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु एका औषधावरील बंदी म्हणजे धोरण नव्हे. औषधविक्रीच्या नोंदी, मांसाच्या नमुन्यांची नियमित तपासणी आणि तिचे निष्कर्ष जनतेपुढे मांडणे, यांवाचून बंदी कागदावरच राहते. लहान कुक्कुटपालकाला लसीकरण व स्वच्छतेसाठी साहाय्यही दिले पाहिजे.

यामुळे मांस काहीसे महागेल, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. आज वाचलेले ते चार पैसे उद्या अतिदक्षता विभागातील कोणा अनोळखी रुग्णाकडून वसूल होणार आहेत. आणि तो रुग्ण आपल्याच घरचाही असू शकतो.