टोकियो म्हणजे आखात नव्हे

जपानी भाषा शिकायला टोकियोला जायचं, ही गोष्ट आता आपल्या घरांतही बोलली जाऊ लागली आहे. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, मुंबईतही वर्ग आहेत. त्यामुळे महाड, चिपळूण किंवा सोलापूरच्या मुलाला हा मार्ग आता फार लांबचा वाटत नाही. चांगली गोष्ट आहे. पण घरात विषय निघाला की अम्मी-अब्बांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. तिथं हलाल मिळतं का? जवळ मशीद आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. टोकियोत शिन-ओकुबो भागात हलाल मटण-चिकन, मसाले, डाळी, आटा विकणारी दुकानं आहेत. योयोगी-उएहारा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी ‘टोकियो जामी’ ही मोठी मशीद आहे. रशियातून आलेल्या तातार मुसलमानांनी ती १९३८ मध्ये उभी केली. जुनी इमारत १९८६ मध्ये पाडली गेली आणि आजची तुर्की धाटणीची मशीद २००० मध्ये खुली झाली. तेवढ्यावर घरच्यांचं समाधान होतं आणि तयारी म्हणजे बॅग भरणं, एवढंच उरतं.

खरे अवघड प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पैसे कुणाचे? किती महिने पुरतील? निघण्याआधी मुलाला जपानी किती येतं? हे प्रश्न आपण विचारत नाही, कारण आपल्या डोक्यात परदेशाचं एकच चित्र आहे, आणि ते आखाताचं आहे.

कोकणातल्या कित्येक घरांचे चिरे दुबई, कुवेत, सौदीच्या पगारावर चढले. त्या गणिताची रीत सर्वांना पाठ आहे. एजंटला पैसे द्यायचे, त्यासाठी दागिने गहाण टाकायचे किंवा मामूंकडून उसने घ्यायचे. तिकडं पोहोचलं की राहायची जागा बहुतेक वेळा कंपनी देते, पगार सुरू होतो आणि वर्ष-दीड वर्षात कर्ज फिटून घरी पैसे येऊ लागतात. त्या पिढीनं हे गणित घाम गाळून खरं करून दाखवलं. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ते गणित नोकरीवर जाणाऱ्याचं होतं. भाषेचा विद्यार्थी पैसे मिळवायला जात नाही, तो पैसे खर्च करायला जातो. हा फरक न समजता मुलाला विमानात बसवलं, तर त्याची भाषाही जाते आणि पैसाही.

आकडे मांडून पाहू. जपानमध्ये विद्यार्थी व्हिसावर आपोआप काम करता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि ती घेतल्यावर आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येतं. शाळेच्या लांब सुट्टीत ही मर्यादा दिवसाला ८ तास होते. टोकियोत ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान वेतन ताशी १,१६३ येन झालं होतं. त्या दराने २८ तासांचे आठवड्याला सुमारे साडेबत्तीस हजार, म्हणजे चार आठवड्यांचे एक लाख तीस हजार येन होतात.

आता खर्च. भाषाशाळेची वर्षाची फी साधारण सात ते नऊ लाख येन असते, म्हणजे महिन्याला साठ ते पंचाहत्तर हजार. शेअर हाऊसमधली छोटी खोली पन्नास हजारांच्या आसपास धरा. जेवण, रेल्वेचा पास, फोन, आरोग्य विमा मिळून चाळीस हजार तरी लागतात. बेरीज दीड लाखाच्या पुढे जाते. म्हणजे कायद्यानं परवानगी दिलेले सगळे तास राबूनही हिशेब तोट्यातच राहतो. शिवाय पहिले दोन-तीन महिने काम मिळेलच असं नाही. घरी पैसे पाठवणं आणि कर्जाचा हप्ता फेडणं यांना या हिशेबात जागाच नाही.

मग कर्ज काढून गेलेला मुलगा काय करतो? दुसरं काम शोधतो. रात्रभर गोदामात खोकी उचलतो किंवा डबे भरण्याच्या कारखान्यात उभा राहतो. सकाळी वर्गात डुलक्या काढतो. हजेरी घसरते. हजेरी आणि कामाचे तास या दोन्ही गोष्टी व्हिसा वाढवताना तपासल्या जातात. कराच्या कागदांवरून कमाई कळते आणि कमाईवरून तास कळतात. मुदतवाढ नाकारली की परत यायचं, तेही कर्ज डोक्यावर घेऊन. अशा रात्रपाळीत जपानी बोलायची वेळही फारशी येत नाही, कारण शेजारी उभा असलेला नेपाळचा, व्हिएतनामचा किंवा आपल्याकडचाच कुणी दमलेला विद्यार्थी असतो.

‘आठवड्याला २८ तास काम करून सगळं सहज भागतं’ असं जो एजंट सांगतो, त्याला ही बेरीज कागदावर लिहून द्यायला सांगा. फी किती, त्यात काय येतं, खोली कुणाच्या नावावर, व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळणार? जो लिहून देत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. प्रवेशाचा अर्ज थेट शाळेकडेही करता येतो. पात्रता प्रमाणपत्रासाठी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज शाळाच करते, आणि ते आल्यावर व्हिसा मुंबईतल्या जपानी वकिलातीमार्फत मिळतो. वर्ग एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत सुरू होतात. खर्च उचलणाऱ्याच्या बँकेत किती पैसे आहेत एवढंच पाहिलं जात नाही, ते कसे जमले हेही विचारलं जातं. त्यामुळे चार दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम आणून खात्यात दाखवण्याचा उद्योग करू नका.

‘मग काय पैसेवाल्यांच्या मुलांनीच जायचं?’ असा प्रश्न येईल, आणि तो खरा आहे. माझं उत्तर असं की साध्या घरातल्या मुलानंही जावं, पण उशिरा जावं. एक-दीड वर्ष इथंच भाषा शिकून जावं. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत अवघड. भाषाशाळेच्या व्हिसासाठी साधारण एन-५ किंवा १५० तासांच्या अभ्यासाचा पुरावा मागतात. एजंट तेवढ्यावरच निघायला सांगतो. मी म्हणतो, एन-४ करून निघा आणि जमल्यास एन-३ ची तयारी सुरू करून. परीक्षेची केंद्रं पुण्यात आणि मुंबईत आहेत. इथं एक तास शिकायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट तिथं येतो. जी अक्षरं आणि जे व्याकरण इथं स्वस्तात शिकता येतं, ते शिकायला टोकियोचं भाडं कशाला भरायचं?

तिथं राहिलं की भाषा आपोआप येते, असं अनेकांना वाटतं. पाया असेल तर ते खरं आहे. पाया नसेल तर शहर नुसता आवाज असतं. कामाचंही तसंच. एन-३ च्या आसपास बोलता येणाऱ्याला दुकानाच्या काउंटरवर, हॉटेलात, गिऱ्हाइकासमोर काम मिळतं आणि पगारासोबत रोज चार तास बोलण्याचा सराव होतो. बोलता न येणाऱ्याच्या वाट्याला भांडी आणि गोदाम. तास तेवढेच, पैसे जवळपास तेवढेच, पण एकाची भाषा वाढते आणि दुसऱ्याची तिथंच अडकते.

या भाषेला आपण घाबरायचं कारण नाही. मराठीसारखंच जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आपण ‘घरात’, ‘घराला’ असं नामानंतर लावतो, तसंच तेही लावतात. आपण ‘करून बघ’ म्हणतो, तिथं ‘शिते मिरु’ म्हणतात, आणि त्यातही ‘मिरु’ म्हणजे बघणंच. इंग्रजी बोलणाऱ्याला हे मुद्दाम शिकावं लागतं, आपल्याला ते कानाला ओळखीचं वाटतं. आपल्यातली कित्येक मुलं घरी कोकणी किंवा दखनी बोलतात, शाळेत उर्दू-मराठी लिहितात, मदरशात अरबी अक्षरं वाचतात. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही लिप्या ज्यांना येतात त्यांना हिरागाना-काताकानाची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं जड जाऊ नयेत. कांजीला मात्र रोजची मेहनत लागते, तिथं पळवाट नाही.

आणि हलालचा प्रश्नसुद्धा शेवटी भाषेचाच आहे. शिन-ओकुबोचं दुकान रोज जवळ नसतं. वर्गाखालच्या दुकानात पावाच्या पाकिटामागे ‘बुता’ म्हणजे डुक्कर या अर्थाची कांजी आहे का, ‘रादो’ म्हणजे चरबी आहे का, ‘झेराचिन’ कुठलं आहे, हे ज्याला वाचता येतं त्याची अडचण मिनिटात सुटते. ज्याला वाचता येत नाही तो एक तर उपाशी राहतो किंवा डोळे मिटून खातो. मुलाच्या दीनाची काळजी असेल, तर बॅगेत लोणच्याची बरणी भरण्याआधी त्याला ही अक्षरं शिकवा.

घराचा अनुभव आपल्याला नवा नाही. मुंबई-पुण्यात नाव ऐकल्यावर ‘जागा आताच गेली’ हे उत्तर आपल्यातल्या अनेकांनी ऐकलं आहे. टोकियोतही नकार आहे. जपानच्या न्याय मंत्रालयानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के जणांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. शिवाय अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ नावाची, परत न मिळणारी रक्कम अनेक घरांना द्यावी लागते आणि हमी देणारी कंपनीही लागते. म्हणून पहिले सहा महिने शाळेच्या वसतिगृहात किंवा शेअर हाऊसमध्ये काढणं शहाणपणाचं. पण गाववाल्या पाच जणांची एक खोली करून, दिवसभर आपलीच भाषा बोलत राहण्याचा मोह टाळा. जुम्म्याला भेटा, ईदला बिर्याणी करा, राहा मात्र मिसळून.

पोहोचल्यावरची कामं आधीच माहीत असू द्या. विमानतळावर मिळालेलं निवासी कार्ड कायम जवळ ठेवायचं. पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत प्रभाग कार्यालयात नोंद करायची. राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा, म्हणजे उपचाराच्या खर्चातला ३० टक्के वाटा आपला राहतो. वीस वर्षं पूर्ण झाली असतील तर पेन्शन योजनेतही नाव लागतं. उत्पन्न कमी असेल तर सूट मिळू शकते, पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचा तक्ता घ्यायचा आणि पाळायचा, कारण शेजाऱ्यांशी पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला नको, पण लिहावं लागतं. बारावीला, पदवीला आपल्या मुली पुढे असतात, भाषेच्या वर्गातही त्या टिकून अभ्यास करतात. तरी परदेशाचा विषय आला की ‘एकटीला कसं पाठवायचं’ इथं गाडी अडते. वर दिलेला हिशेब मुलासाठी आणि मुलीसाठी सारखाच आहे. मुलींचं वसतिगृह आहे का, कामावरून परतायला शेवटची गाडी किती वाजता, अडचणीत फोन कुणाला करायचा, हे विचारा आणि उत्तरं तपासा. उत्तरं नीट असतील तर तिला जाऊ द्या. भाऊ तयारी न करता जाऊ शकतो आणि बहीण तयारी करूनही जाऊ शकत नाही, हा कुठला न्याय?

शेवटची गोष्ट आपल्या जमातींसाठी. अनेक गावांत, मोहल्ल्यांत शिक्षणासाठी निधी असतो, आणि तो बहुतेक डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या फीकडे जातो. त्यातला थोडा भाग भाषेच्या वर्गांसाठी आणि परीक्षेच्या फीसाठी ठेवा. तिकिटाला पैसे देऊ नका, एन-४ ला द्या. जो पास होईल त्याला पुढे बिनव्याजी मदत करा. कॉलेजात जपानी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांना जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीची माहिती द्या, तिच्यात त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे.

टोकियोशी आपला भाषेचा संबंध आजचा नाही. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ मध्ये तिथल्या विदेशी भाषांच्या विद्यालयात उर्दू शिकवायला गेले होते. आणि महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर मतदारांनी निवडून दिले. परक्या शहरात अशी जागा मिळते ती त्या शहराच्या भाषेतून. तेव्हा या वर्षी मित्र निघाला म्हणून आपणही निघायची घाई करू नका. जवळचा वर्ग शोधा, परीक्षेचा अर्ज भरा आणि निकाल हातात आला की मग घरी सगळे मिळून बेरीज करायला बसा.