शिवसुमन

सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, खडकांच्या कपारींत शिवसुमन नावाची एक दुर्मिळ वनस्पती वाढते. तिची खोडे मांसल असतात. पावसाळ्यात तिला पाने येतात आणि चांदणीसारखी किरमिजी फुले लागतात. त्यांवर पिवळे ठिपके असतात. महाराष्ट्रातील थोड्याच डोंगरांवर ती आढळते. जगात अन्यत्र ती रानात उगवत नाही. शिवरायांच्या जन्माने पावन झालेल्या शिवनेरीवरही ती आहे.

तिची फांदी लावली तर ती कुंडीतही सहज रुजते. मग कड्यावरील दोन-चार झाडे उपटून आणली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. परंतु हा विचार योग्य नव्हे. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपे म्हणजे त्या एकाच झाडाची शंभर रूपे होत. जो रोग एकाला मारील, तो सर्वांनाच मारू शकेल. कड्यावर मात्र माशा एका झाडाचे पराग दुसऱ्याकडे नेतात, केसाळ बीजे वाऱ्यावर उडतात आणि नव्या कपारीत निराळ्या गुणांचे झाड जन्मास येते. वंश टिकतो तो या विविधतेमुळे.

म्हणून बागांनी रोपे अवश्य वाढवावीत. पण कड्यावरचे शिवसुमन कड्यावरच राहू द्यावे. ते डोळे भरून पाहावे. त्याला हात मात्र लावू नये.