गुहेला बुकिंग कधीपासून लागलं?

पोस्ट मोठी आहे. अकोले, राजूर, संगमनेर, जुन्नरकडच्या मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. आणि हो, या प्रकरणात थोडा गुन्हा माझाही आहे, तो पुढे कबूल करतोच.

गेल्या पावसाळ्यात पोराला घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो. पोरगं नववीत आहे. पाचनईची वाट सोपी, पण त्याला तोलार खिंडीची वाट दाखवायची होती, म्हणून खिरेश्वरवरून निघालो. खिंड ओलांडून कातळाचा टप्पा चढलो आणि धुकं असं उतरलं की चार पावलांपुढचं पोरगं दिसेना. ज्यांनी ती वाट केलीय त्यांना माहिती आहे, कातळानंतर पठारावरचे चढउतार सगळे सारखेच वाटतात. एक टेकडी उतरलो, दुसरी चढलो, परत तिथेच आलो की काय असं वाटायला लागलं. दोन तास उशीर झाला. देवळाजवळ पोचलो तेव्हा अंधार पडला होता, दोघंही चिंब, आणि पोराचे दात वाजत होते.

मनात एकच होतं, गुहा गाठायची. पंचवीस वर्षं या गडावर येतोय. रात्री कितीही वाजता आलो तरी आतले लोक सरकून जागा करतात, कुणीतरी चहा पुढे करतं. हा इथला अलिखित कायदाच.

गुहेच्या तोंडाशी टी-शर्टवाला एक तरुण उभा. गळ्यात शिट्टी, हातात यादी. म्हणाला, "सर, ही गुहा बुक आहे. आमची पन्नास जणांची बॅच आहे."

मी म्हणालो, "कुणाकडे बुक केली रे बाबा? पावती दाखव."

पावती कशाची असणार! पण तो हटेना. माझ्या मागे नाशिककडचं एक जोडपं होतं, सोबत साठीचे वडील. त्यांनाही तेच उत्तर. आतून स्पीकरवर गाणी चालू होती. भांडायची ताकद नव्हती, पोरगं थरथरत होतं.

तेवढ्यात जेवणाचा झाप चालवणारा गावातला माणूस कंदील घेऊन आला. कुणी काही विचारायच्या आधी म्हणाला, "भाऊ, चला झापात. पोराला आधी चुलीपाशी बसवा. बाबा, तुम्हीबी या." मेणकापड लावलेला तो कारवीचा झाप. आम्ही पाच जण आणि त्याचं कुटुंब. त्याच्या बायकोनं पिठलं-भाकरी वाढली, पोराला स्वतःची गोधडी दिली. सकाळी पैसे विचारले तर फक्त जेवणाचे सांगितले. मुक्कामाचे द्यायला लागलो तर म्हणाला, "पावसात आलेल्याचे कुठं पैसे घेत्यात का?"

हे वाक्य मला तेव्हापासून झोपू देत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गडावरच्या गर्दीबद्दल आपल्याकडे सध्या दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मुक्काम सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, विकास करा, म्हणजे वर काँक्रीटचं काहीतरी बांधा आणि ठेक्यानं द्या. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. कारण दोन्हींत निवारा म्हणजे काय हेच कुणी विचारात घेतलेलं नाही.

डोंगरातला निवारा ही काही नवी चैन नाही. आपल्या शेजारचा नाणेघाट बघा. सातवाहनांच्या काळात कोकणातून देशावर चढणारा व्यापारी मार्ग तो. तिथली गुहा, नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही आहे. ज्यांनी वाट केली त्यांनी वाटेवर टेकायला कातळही कोरला. हरिश्चंद्रगडावरच्या गुहा, टाकी, पुष्करणी बघा. चांगदेवांनी इथे बसून तत्त्वसार लिहिलं. पाणी आणि छप्पर, येईल त्याला, एवढीच ती व्यवस्था होती.

आणि आपल्या जिल्ह्याला आता नाव कुणाचं आहे? अहिल्यादेवींचं. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणारी ती बाई याच जिल्ह्यातल्या चौंडीची. तिच्या नावाच्या जिल्ह्यात भिजलेल्या माणसाला 'गुहा बुक आहे' ऐकावं लागतं. नाव बदललं म्हणून फटाके वाजवले ना आपण? मग वागणुकीचं काय?

माझा मावसभाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. तिकडे अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी, साधारण 3500 किलोमीटर. वाटेत अनेक ठिकाणी सरकारी राखीव जंगलं आणि राज्यांची उद्यानं लागतात. त्या वाटेवर 250 हून जास्त निवारे आहेत. निवारा म्हणजे काय, तर तीन भिंती, एक छप्पर, लाकडाची जमीन, पुढची बाजू उघडी. दार नाही, कुलूप नाही. बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत की बुकिंग नाही, येईल त्याला जागा. जवळपास साधा संडास आणि पाण्याचा झरा. आत एक वही असते, आलेला माणूस नाव आणि पुढची वाट लिहितो, म्हणजे कुणी हरवलं तर शोधता येतं. न्यू जर्सीच्या टप्प्यात तर शेकोटीलाही बंदी, आणि अस्वलं अन्नाच्या वासानं येऊ नयेत म्हणून लोखंडी पेट्या. या सगळ्याची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात.

भाऊ तिथं एका रात्री राहिला. फोनवर म्हणाला, "अरे, हे तर आपल्या गडासारखंच आहे, फक्त स्वच्छ आहे."

फक्त स्वच्छ आहे! यातच सगळं आलं. निवारा उघडा ठेवूनही शिस्त ठेवता येते. कुलूप लावायचं की ठेकेदाराला द्यायचं, एवढेच दोन पर्याय आपल्याला दिसतात, कारण तिसऱ्यासाठी रोज कष्ट करावे लागतात.

सरसकट बंदीनं काय होईल? पन्नासची बॅच आणणारा खाली कुठल्यातरी खासगी जागेत तंबू ठोकेल, स्पीकर तिथं लावेल. मार खाईल तो एसटीनं येणारा, खांद्यावर पिशवी घेतलेला कॉलेजचा पोरगा. आणि ज्याच्या झापात आम्ही वाचलो, त्याची चूल विझेल. शिवाय धुकं काही नियम वाचून उतरत नाही. वाट चुकलेला माणूस रात्री वर अडकणारच. तेव्हा त्याला छप्पर लागेल की नाही?

आणि काँक्रीट? 1986 पासून हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. भंडारदऱ्याकडे काजव्यांचं काय केलं ते आपण पाहिलंच आहे. मे-जूनमध्ये शेकडो गाड्या, हेडलाइट, झाडांखाली पायदळी तुडवलेले काजवे. त्याला आपण 'महोत्सव' म्हणालो.

इथं माझी कबुली. काही वर्षांपूर्वी 'वीकेंडला चला' म्हणून या भागावर मीच लिहिलं होतं. कोकणकड्याचा फोटो, खाली हॉटेलांची यादी. जाहिराती मिळाल्या म्हणून पेपर खूश, मी खूश. कचरा कुठं जाणार, पाणी कोण भरणार, एक ओळ लिहिली नाही. ती गर्दी आणणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे शिट्टीवाल्या पोराला एकट्याला शिव्या घालायचा अधिकार मला नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे.

एक, गुहा उघड्या, फुकट आणि बिनबुकिंगच्या राहतील, आणि तसा ठळक फलक पाचनई आणि खिरेश्वर दोन्हीकडे लागेल. 'बुक आहे' म्हणणाऱ्याला परत फिरवायचा अधिकार गावाला.

दोन, मोठ्या बॅचनं गावातच मुक्काम करायचा, घरांत, पैसे देऊन. गुहा सुट्या वाटसरूंसाठी आणि अडचणीत सापडलेल्यांसाठी.

तीन, गुहेत शेकोटी नाही, स्पीकर नाही. आणलेला कचरा खाली नेऊन दाखवायचा. पायथ्याशी नोंदवही, जाताना नाव, उतरताना सही.

चार, हे सगळं ग्रामसभेच्या हातात. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहेच. जे काही शुल्क घेतलं जाईल त्याचा हिशेब दर महिन्याला पायथ्याच्या फलकावर. किती जमले, किती खर्च झाले, कशावर. मी हाच हिशेबाचा प्रश्न एका कार्यालयात विचारला होता. 'अर्ज द्या' म्हणाले. अर्ज दिला. उत्तराची वाट बघतोय.

काही जण कमेंटमध्ये लिहितील, "गावकरी तरी कुठं धुतल्या तांदळाचे?" बरोबर आहे. काही झापांमागे बाटल्यांचा ढीग मीही पाहिलाय. म्हणूनच हिशेब उघडा हवा आणि नियम सगळ्यांना सारखे हवेत. पण गड राखायची सवय या डोंगरातल्या महादेव कोळ्यांना आपल्या आधीपासून आहे. राघोजी भांगरे याच मातीतला. त्यांच्या पोरांना आपण फक्त ओझं वाहायला आणि पिठलं वाढायलाच ठेवणार आहोत का?

परवा पोरानं विचारलं, "पप्पा, त्या काकांच्या झापात परत कधी जायचं?" मी म्हणालो, पावसाळ्यात. पण तो झाप तोवर राहील का, हे मी त्याला सांगू शकलो नाही.

पाचनई, खिरेश्वर, लव्हाळी, कोथळे, तिकडच्या मित्रांनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मी येतो, वही-पेन घेऊन. बातमी लावायची जबाबदारी माझी. आणि शहरातल्या ट्रेकर मंडळींनो, पुढच्या वेळी गुहेच्या तोंडाशी कुणी भिजलेला उभा दिसला, तर यादी नका काढू.

थोडं सरका.